अनोळखी बायकांचे जुने फोटो कसे वाचावेत: नागपुरातल्या नवशिक्यांसाठी

इतवारीतल्या एका कबाड्याकडे रद्दीच्या गठ्ठ्यात मला एक फोटो सापडला होता. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, हाताच्या पंजाएवढा. नक्षीच्या खुर्चीत बसलेली तिशीतली बाई, गळ्यात चार पदरी हार, नाकात नथ, पायात चक्क मोजे. "घेऊन टाका ताई, राणी हाये ही. भोसल्यांच्या वाड्यातली," तो म्हणाला. राणी म्हटल्यावर किंमत तीनशे झाली. मी दिले. पुढची दोन वर्षं ती बाई माझ्या वहीत 'भोसले घराणे?' या नोंदीखाली राहिली. मग बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात दुसरा फोटो निघाला. बाई वेगळी, अगदी पोरसवदा, पण खुर्ची तीच, मागचा रंगवलेला खांब तोच आणि गळ्यात तोच चार पदरी हार. भिंग लावलं तर खालच्या पदरातला एक मणी दोन्हीकडे त्याच जागी गळालेला. हार स्टुडिओचा होता.

तेव्हापासून मी फोटो वाचायचा क्रम बदलला. चेहरा सगळ्यात शेवटी. चेहरा आधी बघितला की आपण गोष्ट रचायला लागतो आणि मग बाकी सगळं त्या गोष्टीत बसवतो. राणी, विधवा, कलावंतीण: जुन्या फोटोतल्या बायकांना लावलेली ही तीन लेबलं मी इतक्यांदा पाहिली आहेत, की विकणाऱ्याच्या तोंडून त्यातलं एखादं आलं तर मी ते बाजूलाच ठेवते. 'कलावंतीण' म्हटलं की भाव वाढतो, एवढंच बहुतेक वेळा त्यामागचं संशोधन असतं.

पहिलं काम: फोटो उलटा करा

पाठीमागे काय आहे? स्टुडिओचा छापील मजकूर, रबरी शिक्का, हाताने लिहिलेलं नाव, टपालाचं तिकीट, की नुसते डाग? जे असेल ते आधी जसंच्या तसं उतरवून घ्या, चुकीच्या शुद्धलेखनासकट.

नागपूरच्या फोटोंसाठी पत्ता हे फार कामाचं हत्यार आहे, कारण या शहराचं राज्य वारंवार बदललं. पत्त्यात 'सी. पी.' म्हणजे मध्य प्रांत असेल, तर फोटो साधारण स्वातंत्र्यापूर्वीचा. 'नागपूर, म. प्र.' असेल तर १९५० ते १९५६, कारण त्या काळात नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलो. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर शिक्का १९७२ नंतरचा. हे सगळं धरताना एक सवलत ठेवा. रबरी शिक्का कुणी राज्य बदललं म्हणून लगेच फेकत नाही. शिक्क्यावरून 'याच्या आधीचा नाही' हे ठामपणे म्हणता येतं, 'याच्या नंतरचा नाही' हे तितकं ठामपणे नाही.

मग हस्ताक्षर. इथे मराठी माणसाला जो फायदा आहे तो परक्या संग्राहकाला कधीच मिळणार नाही, कारण आपल्याकडे बाईच्या नावाआधीच तिची परिस्थिती लिहिलेली असते. 'कु.' म्हणजे लग्न व्हायचं आहे. 'चि. सौ. कां.' असेल तर लग्न ठरलं आहे किंवा तोंडावर आहे. 'सौ.' म्हणजे नवरा हयात आहे. 'गं. भा.' म्हणजे तो गेला आहे. 'कै.' असेल तर ते नाव तिच्या मागे कुणीतरी लिहिलं आहे आणि त्या लिखाणाचं वय फोटोच्या वयापेक्षा कमी आहे. बॉलपेनची शाई दिसली तरी तोच निष्कर्ष: फोटो १९१० चा असेल, नाव लिहिणारी नात १९७० ची असू शकते. नातीची चूक होऊ शकते. माझीही झाली आहे, माझ्याच आजीच्या बाबतीत.

नाव मिळालं म्हणजे बाई मिळाली असंही नाही. लग्नात नाव बदलायचं. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना होत्या. माहेरच्या पेटीतला फोटो 'यमू' म्हणेल, सासरच्या पेटीतला 'आनंदी', आणि आपण दोन बायका शोधत बसू. त्यावर घरगुती नावं: माई, आक्का, जिजी, ताई, वहिनी. 'ताईचा फोटो' या दोन शब्दांत महत्त्वाचं आहे ते लिहिणारा कोण. तो सापडला तर ताई सापडते.

मजकूर मोडीत असेल तर घाबरू नका आणि अंदाजही करू नका. मोडी वाचणारी माणसं नागपुरात अजून आहेत. पुराभिलेख विभागाच्या इथल्या कार्यालयात चौकशी करा. 'शके' लिहून आकडा असेल तर त्यात ७८ मिळवा: शके १८२९ म्हणजे १९०७, आणि वर्षाचा शेवट असेल तर १९०८.

कागद आणि पुठ्ठा

यात फार अडकू नका, पण तीन गोष्टी बघाच. साधारण साडेसहा बाय दहा सेंटिमीटरचा पुठ्ठा असेल तर ते १८५४ मध्ये फ्रान्समध्ये पेटंट झालेलं भेटकार्डाचं माप, जे पुढे जगभर पसरलं. साधारण अकरा बाय साडेसोळा असेल तर तो कॅबिनेट कार्ड, १८६६ च्या सुमारापासूनचा. पातळ कागद, पिवळट झाक आणि वर बारीक तडे असतील, तर तो अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेला अल्ब्युमेन कागद असण्याची शक्यता मोठी. काळ्या भागावर तिरप्या उजेडात निळसर चंदेरी चमक आली तर तो नंतरचा जिलेटिनचा कागद.

आणि भिंगाखाली सारखे सारखे ठिपके दिसले तर तो फोटोच नाही, पुस्तकातून किंवा मासिकातून कापलेलं छापील चित्र आहे. पैसे देण्याआधी एवढं तरी बघा.

रंगांनी कसं फसवलं जातं

फिल्म येण्याआधी फोटो रसायन लावलेल्या काचेवर टिपत, आणि त्या जुन्या काचांना रंग आपल्यासारखे दिसत नसत. सुरुवातीच्या काचा निळ्या उजेडालाच प्रतिसाद देत. नंतरच्या काचांना हिरवा कळायला लागला, पण लाल कळेना. सगळे रंग नीट पकडणाऱ्या फिल्मा रुळल्या त्या १९२०-३० च्या सुमारास. त्यामुळे त्याआधीच्या फोटोत लाल लुगडं काळं येतं, हळदी पिवळं गडद येतं आणि आकाशी निळं जवळजवळ पांढरं येतं.

आता विचार करा: १९०० च्या सुमाराचा फोटो, बाईने पांढरं दिसणारं लुगडं नेसलेलं, कपाळ मोकळं दिसतंय. कुणीही 'विधवा' म्हणेल. पण लुगडं फिकट निळं असू शकतं आणि कुंकू सावळ्या कपाळात विरून गेलेलं असू शकतं, कारण लाल काळं येतं आणि सावळी कातडीही गडद येते. भिंग घेऊन कपाळाच्या मधोमध बघा. गोल नसेल तर आडवी चिरी शोधा. मग नजर हातांवर न्या. बांगड्यांची रेघ सहसा सापडते, कारण काच चमकते. मग पायांवर, जोडव्यांसाठी. या तीन जागा बघून झाल्याशिवाय 'विधवा' हा शब्द वहीत लिहू नका. सोन्याच्या दागिन्याचंही तसंच: पिवळा रंग गडद येतो, म्हणून काळपट दिसणारी माळ पोतच असेल असं नाही. उलट काही फोटोंत दागिन्यांवर नंतर सोनेरी रंगाचे ठिपके दिलेले असतात. बोटाने नाही, तिरपा उजेड टाकून बघा, रंग कागदाच्या वर बसलेला दिसतो.

पांढऱ्याची दुसरी गोष्ट खास आपल्या गावची आहे. एका ओळखीच्या संग्राहकाकडे अकरा बायकांचा फोटो होता, सगळ्या पांढऱ्या साड्यांत, मैदानावर ओळीने उभ्या. त्याने पाकिटावर लिहिलं होतं 'विधवाश्रम'. मागे शिक्का होता 'नागपूर, म. प्र.'. भिंगातून बघितलं तर निम्म्या जणींच्या हातात बांगड्या. ही फिल्म नव्या काळातली, म्हणजे पांढरं ते खरोखर पांढरं. आम्ही तो इंदोऱ्याच्या एका आजींना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, फोटो नाकाजवळ नेला आणि म्हणाल्या, "विधवा काय म्हनता जी, दीक्षेचा दिवस हाय हा." १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बायका पांढरी वस्त्रं नेसून आल्या होत्या, हे नागपूरकराला सांगावं लागू नये. पण फोटो हातात आल्यावर ते आठवत नाही, कारण 'पांढरं लुगडं म्हणजे विधवा' हे डोक्यात आधीच जाऊन बसलेलं असतं.

जुना फोटो मोबाइलच्या ॲपमधून रंगीत करून घेऊ नका, निदान वाचायच्या आधी तरी. ॲप त्या साडीला जो रंग देईल तो पूर्णपणे मनचा असेल, आणि तो एकदा डोळ्यात बसला की निघत नाही.

डावं की उजवं

आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत. फोटोत ती उजवीकडे असेल तर दोन शक्यता: बाई दक्षिणेकडची आहे, किंवा फोटो उलटा आहे. पत्र्यावरचे जुने फोटो मुळातच आरशासारखे उलटे येत, आणि हल्ली स्कॅन करतानाही उलटे होतात. शेजारी पुरुष असेल तर काम सोपं: कोटाचा वरचा खिसा त्याच्या डाव्या छातीवर हवा. मागे पाटी, पुस्तक, कॅलेंडर असेल तर अक्षरं बघा. पदर कोणत्या खांद्यावर आहे यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका. नेसण्याची तऱ्हा गावागणिक आणि जातीगणिक वेगळी होती.

लुगडं, बाह्या, पाय

काळ ठरवायला चेहऱ्यापेक्षा बाह्या बऱ्या. पुढे गाठ मारलेली चोळी, मग पोलकं, मग झालरीची गळपट्टी आणि फुगीर बाह्यांचं जाकीट. शतक बदलण्याच्या सुमारास हे फुगे जास्त दिसतात. पाचवारी गोल साडी शहरी मराठी घरांत १९२०-३० नंतर जोमात आली. पण खेड्यातली बाई साठच्या दशकातही नऊवारीत आहे, म्हणून लुगड्यावरून 'याच्या आधीचा' असं म्हणू नका.

पायांत मोजे-बूट दिसले की लोक लगेच 'ख्रिस्ती' किंवा 'सुधारक' म्हणतात. नागपुरात मिशनचं काम जुनं आहे, स्टीफन हिस्लॉप इथे १८४५ मध्ये आले, त्यामुळे शक्यता आहेच. पण शक्यताच. हातातलं पुस्तकही तसंच. ते स्टुडिओच्या टेबलावर पडलेलं असू शकतं, माझ्या राणीच्या हारासारखं. पुस्तक उघडं आहे का, बोट पानात आहे का, नजर कुठे आहे, एवढं लिहून ठेवा. 'शिकलेली बाई' हे नंतर ठरवू.

एकाच स्टुडिओचे फोटो जमतील तेवढे शेजारी ठेवा. जे सगळ्यांत सारखं येतं ते स्टुडिओचं. जे एकातच आहे ते तिचं.

बाई आहे, हे कशावरून?

हा प्रश्न नवशिक्याला विचित्र वाटतो. मराठी माणसाला वाटू नये. आपल्याकडे रंगभूमीवर बाईचं काम पुरुष करायचे आणि त्यांचे फोटो घराघरांत असायचे. बालगंधर्वांच्या नेसण्याची, दागिन्यांची नक्कल घरंदाज बायका करत, हे जुनी मंडळी सांगायची. म्हणजे गंमत बघा: फोटोतली पोज, मान कलवणं, पदर सावरायचा हात हे सगळं पुरुषाने बाई म्हणून रंगवलेलं आणि मग खऱ्या बाईने त्याच्याकडून उचललेलं. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले ते साळुंके. विदर्भात खडी गंमत या लोकनाट्यातला नाच्या लुगडं नेसून फडात उतरतो, तो वेगळाच.

म्हणून हाताची बोटं, गळ्याची घाटी, खांदे मोजून लिंग ठरवायचा खेळ खेळू नका. सडपातळ पुरुष आणि रुंद खांद्यांची बाई दोघेही जगात भरपूर आहेत. पुरावा शरीरात शोधू नका, कागदावर शोधा: नाटक मंडळीचं नाव, प्रवेशाचं नाव, हातात खोटी कमळं, मागे पडदा, किंवा तोच चेहरा दुसऱ्या फोटोत कोट-टोपीत. यातलं काही नसेल तर 'स्त्रीवेशातील व्यक्ती' एवढंच लिहून थांबायला हरकत नाही.

काही जणांनी तो वेश रंगमंचासाठी घातलेलाच नसेल. ते त्यांचं आयुष्य असेल. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने उत्तर हिंदुस्थानात तृतीयपंथीयांची नोंदणी लावली आणि नोंद झालेल्याने चारचौघांत बायकी पोशाख केला तर शिक्षा ठेवली. असल्या काळात कुणी हौसेने स्टुडिओत जाऊन बसलं असेल, तर त्या माणसाने स्वतःला जसं मांडलं आहे तसंच आपण वर्णन करावं, एवढं सौजन्य आपल्याला जमायला हवं.

मुलांच्या बाबतीत तर फारच जपून. आधीची मुलं दगावली असली की नंतरच्या मुलाचं नाक टोचायचे, परकर-झबलं घालायचे, नाव नथ्थू किंवा धोंडू ठेवायचे, म्हणजे दृष्ट लागू नये. वेणी-नथवाली 'छोटी मुलगी' पुढे कुणाचे तरी खापरपणजोबा निघते.

हा फोटो कुणासाठी काढला?

हा प्रश्न मी बहुतेकांना विचारायला विसरताना पाहते. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या लुगड्यात बसलेली बाई वेगळी आणि साहेबाने उभी केलेली बाई वेगळी. १८६८ ते १८७५ दरम्यान सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड काढले, त्यात माणसं 'नमुने' म्हणून आहेत. आपल्या मध्य प्रांताचं जाती-जमातींवरचं रसेल आणि हिरालाल यांचं चार खंडी काम १९१६ चं. अशा कामांत चित्राखाली जात किंवा धंदा येतो, बाईचं नाव येत नाही. तुमच्या हातातल्या फोटोत गोंदण पुढे यावं म्हणून हात मुद्दाम वळवलेला असेल, बाई समोरून आणि बाजूने अशी दोनदा टिपलेली असेल, तर तो या जातकुळीतला. 'गोंड बाई' हे तिथे तिचं नाव नाही, साहेबाचा रकाना आहे.

याच्या उलट टोकाला पडद्यातल्या बायका. फोटोग्राफर लाला दीनदयाळांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ उघडला, कॅमेऱ्यामागेही बाईच. म्हणजे 'घरंदाज बाई फोटो काढूनच घेत नसे, म्हणून ही नाचणारी असणार' हा युक्तिवाद तिथल्या तिथे कोसळतो.

आणि नाव लिहिण्याची किंमत कळायची असेल तर १८८५ चा फिलाडेल्फियाचा, डॉक्टरकी शिकणाऱ्या तीन विद्यार्थिनींचा फोटो आठवा: आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी, सिरियाच्या साबात इस्लांबुली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. नावं खाली नसती तर 'तीन पौर्वात्य स्त्रिया' म्हणून तो एखाद्या लिलावात निघाला असता. नावं असूनही तिसरीचं नाव ठिकठिकाणी वेगवेगळं छापलेलं सापडतं.

खोट्या नावाचा नमुना तर आपल्या मोबाइलवर येतच असतो: झाशीच्या राणीचा 'हॉफमनने १८५० मध्ये काढलेला' फोटो. राणी १८५८ मध्ये गेली. हॉफमन म्हणताच लोकांना आठवतो तो कलकत्त्याचा जॉन्स्टन अँड हॉफमन स्टुडिओ, आणि तो सुरू झाला १८८० च्या दशकात. कुणी तुम्हाला नागपूरचा '१८५७ चा' फोटो विकत असेल तर एवढं लक्षात ठेवा, की इथे आगगाडी १८६७ मध्ये आली. त्याआधी काचा आणि रसायनं बैलगाडीने येणार. अशक्य नाही, पण दहा प्रश्न विचारा.

वहीत काय लिहायचं

पान मधून दुमडा. डावीकडे फक्त दिसतं ते, उजवीकडे वाटतं ते. डावीकडे विशेषणं चालणार नाहीत. 'उदास' नाही, 'ओठ मिटलेले'. त्या काळी काही क्षण तरी न हलता बसावं लागे, सगळेच उदास दिसतात. माझ्या राणीची नोंद आता अशी आहे. डावीकडे: 'खुर्चीत बसलेली बाई. नथ डावीकडे. हार चार पदरी, खालच्या पदरात मणी नाही (स्टुडिओचा). मोजे. उजव्या हातात रुमाल, मुठीत आवळलेला. कपाळावर आडवी चिरी. मागे काही लिहिलेलं नाही.' उजवीकडे: 'अंदाजे १८९५-१९१०. बाह्यांवरून. सधवा असावी.' बस. रुमाल मात्र तिचाच असावा, दुसऱ्या फोटोत तो नाही.

नोंद फोटोच्या मागे करायचीच असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. पेन नाही. सेलोटेप तर अजिबात नाही, आणि चिकट पानांचे अल्बमही नाहीत. दोन्ही बाजू ६०० डीपीआयवर स्कॅन करा. आणि ज्या खोलीत कूलर लागतो त्या खोलीत फोटो ठेवू नका. मे महिन्यात आपण गारव्यासाठी जी ओली हवा आत घेतो ती फोटोला बुरशी आणते आणि काचेला चिकटवते. कोरड्या खोलीतलं लोखंडी कपाट, बाहेरच्या तापणाऱ्या भिंतीला लागून नसलेलं, पुरे.

शेवटचं काम माणसांकडचं. फोटो घेऊन म्हाताऱ्या बायकांकडे जा, पण 'ही कोण?' असं विचारू नका. त्या प्रश्नाला लोक आपल्याला बरं वाटेल ते नाव सांगतात. 'हे असलं लुगडं कोण नेसायचं?', 'अशी गळ्यातली गाठली तुमच्याकडे होती का?', 'मोजे कधी घालायचे?' असं विचारा आणि गप्प बसा. चहा येऊ द्या. बोलणं लुगड्यावरून दुकानावर, दुकानावरून नणंदेवर जाईल, जाऊ द्या. त्यात एखादं नाव आपोआप आलं तर उजव्या बाजूला लिहा, त्यापुढे सांगणारीचं नाव आणि त्या दिवसाची तारीख.